पगारातल्या दोनशे रुपयांची गोष्ट

माझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला ‘प्रोफेशन टॅक्स’ म्हणून २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००. नोकरीला लागल्यावर दोन वर्षं मी ती ओळ नुसती चिडून वाचायचो. मग कळलं की हा कर महाराष्ट्राने १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी लावला. त्याच योजनेच्या कामावर माझ्या लासुर्ण्याच्या आजीने पाट्या उचलल्या होत्या.

आमच्याकडे नीरा डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस आणि वरच्या अंगाला जिरायत. बहात्तरच्या दुष्काळात जिरायतवाले सरकारी कामांवर गेले. दिवसभर खडी फोडायची आणि सुकडी खायची, असं आजी सांगते. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती.

हे इथे सांगायचं कारण म्हणजे मित्रांमध्ये नेहमी होणारा एक वाद. मोठा कायदा करताना पक्ष खरंच एकत्र येतात, की फक्त फोटोपुरते?

रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला. साल लक्षात घ्या. आणीबाणी नुकतीच उठली होती. विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगातून सुटून आले होते आणि ज्या काँग्रेसच्या राजवटीत ते आत गेले, तिचंच सरकार राज्यात होतं. प्रेमाने एकत्र यावं असं काहीच नव्हतं.

तरी एकमत झालं, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. ते काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. साठच्या दशकात तासगाव तालुक्यात त्यांनी तिचा प्रयोग केला होता. काँग्रेसच्या ग्रामीण आमदारांना बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते हवे होते. डाव्यांना आणि समाजवाद्यांना कामाचा हक्क कायद्यात हवा होता, त्यासाठी ते मोर्चे काढत होते. शहरांना वाटत होतं, गावातली माणसं गावातच राहिली तर बरं. आणि कामावरच्या लाखो मजुरांकडे सगळ्यांनाच दुर्लक्ष करणं अवघड होतं.

म्हणून मला मतदानाचा दिवस फारसा महत्त्वाचा वाटत नाही. हात वर करायला पैसे पडत नाहीत. मी दोन गोष्टी बघतो. एक, पैसे कोण देतं? इथे शहरातल्या पगारदारांवर कर बसला आणि तितकीच भर सरकारने तिजोरीतून घालायची ठरली. दुसरी, सत्ता बदलल्यावर कायद्याचं काय होतं? जुलै १९७८ मध्ये आमच्या शेजारच्या बारामतीच्या शरद पवारांनी वसंतदादा पाटलांचं सरकार पाडलं आणि जनता पक्ष, शेकाप यांना घेऊन पुलोदचं सरकार बनवलं. वसंतदादांच्या काळात मंजूर झालेला कायदा अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला, म्हणजे पवारांच्या काळात. पाडणाऱ्यांनी सरकार पाडलं, कायदा नाही पाडला. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता, हा हक्क टिकला. २००५ मध्ये देशभराचा रोजगार हमी कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

पण एकमत कुठे संपलं, तेही सांगायला हवं. काम द्यायचं यावर सगळे एक होते. रोज किती द्यायचा, यावर नव्हते. कामावरची मजुरी वाढली की शेतमालकाला आपल्या मजुराचा रोज वाढवावा लागतो, आणि सभागृहात शेतमालक बरेच होते, खडी फोडणाऱ्या बायका नव्हत्या. निधीत जमलेला पैसा दर वर्षी सगळा कामांवर लागला, असंही झालं नाही. पक्षांचं सहकार्य खरं असतं, पण ते सभागृहात बसलेल्यांच्या सोयीपर्यंतच जातं. त्यापुढे बाहेरच्यांना भांडावं लागतं.

हे लिहून झाल्यावर आजीला वाचून दाखवलं. शरद पवारांचं नाव आलं तेव्हा तिने मान हलवली. शेवटी म्हणाली, “समदं लिवलंस. आमचा पगार किती दिवस थकायचा, ते न्हाई लिवलंस.”