पोन्तियानाक आणि आपली हडळ

मुलं ‘व्हॅम्पायर नाइट’ हे जपानी मांगा वाचायला लागली, की आपल्याला प्रश्न पडतो, रक्तपिपासू भुतांना कसलं आलंय प्रेम? पण सिंगापूरच्या पडद्यावर ते १९५७ मध्येच आलं होतं.

‘पोन्तियानाक’ हा कॅथे-केरिस स्टुडिओचा मलय चित्रपट. दिग्दर्शक भारतातून आलेले बी. एन. राव, नायिका इंडोनेशियात जन्मलेल्या मारिया मेनाडो. कुबड असलेली चोमेल एका औषधाने सुंदर होते. अट एकच, रक्त चाखायचं नाही. लग्न होतं, मुलगी होते. मग नवऱ्याला विषारी दंश होतो. त्याच्या विनवणीवरून ती विष शोषून काढते, रक्ताची चव लागते आणि ती पोन्तियानाक होते. नवऱ्याला वाचवायला गेली आणि शाप ओढवून बसली!

मलय समजुतीत पोन्तियानाक म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. आपल्या कोकणातली हडळही तीच.

चित्रपट इतका चालला, की १९५८ पर्यंत पुढचे दोन भाग निघाले. पहिल्या दोन्हींच्या प्रती मात्र हरवल्या. मग आजीच्या तोंडी असलेल्या हडळीच्या गोष्टी किती टिकणार? या दिवाळीत मुलांकडून त्यांच्या मांगाची गोष्ट ऐकू या आणि त्यांना आपली सांगू या.