घोडा गेला, खोगीर उरले

१/९
सुमारे १७ सेंटीमीटर उंचीचा एक घोडा. पाठीवर चामड्याचे खोगीर, पोटाखाली तंग, तोंडाला लगाम. लगामाचा पट्टा जेमतेम दोन मिलिमीटर रुंद, तरीही त्याचे बक्कल खरोखर उघडते. याला खेळणे म्हणावे की इतिहासाचे साधन? अमेरिकेतील एका छंदाची ही कथा.

२/९
आधी पार्श्वभूमी पाहू. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत घोडे व खेचरे मिळून अडीच कोटींहून अधिक जनावरे होती. १९६० पर्यंत ही संख्या ३० लाखांच्या आसपास आली. ट्रॅक्टर आणि मोटारीने घोड्याचे काम घेतले. घोड्याबरोबर रोजच्या सरावातले ज्ञानही ओसरू लागले: तंग कुठे बांधावा, किती आवळावा, रिकीब किती लांब सोडावी.

३/९
नेमक्या याच काळात, १९५० मध्ये, शिकागोच्या ब्रेयर मोल्डिंग कंपनीने एका घड्याळ कंपनीसाठी प्लास्टिकचा घोडा घडवला. तो शेकोटीवरच्या फळीवर ठेवायच्या घड्याळाची शोभा होता. मोबदल्यात ब्रेयरने साचा स्वतःकडे ठेवला. लोकांना घड्याळापेक्षा घोडाच अधिक भावला आणि कंपनीचा व्यवसायच पालटला.

४/९
या ‘वेस्टर्न हॉर्स’चे प्लास्टिकचे खोगीर काढता-घालता येई, मुखसाज मात्र साच्यातच ओतलेला होता. पुढे अंगावर कोणताच साज नसलेले घोडे बाजारात आले. ती उघडी पाठ म्हणजे जणू आमंत्रणच होते. छंदिष्टांनी सुई, चिमटा आणि पातळ चामडे हाती घेतले.

५/९
स्पर्धा आरंभी टपालाने होत. घोडा सजवायचा, त्याचे छायाचित्र काढायचे आणि पंचाकडे धाडायचे. पुढे प्रत्यक्ष टेबलावर प्रदर्शने भरू लागली. १९९० पासून केंटकीतील लेक्सिंग्टन येथे ‘ब्रेयरफेस्ट’ भरतो. या छंदात मुली व स्त्रिया बहुसंख्य आहेत आणि त्यांपैकी कित्येकींच्या दारात कधी घोडा नव्हता.

६/९
मोठ्या मूर्तींचे प्रमाण साधारण १:९ असते. खऱ्या लगामाचा १६ मिलिमीटरचा पट्टा येथे दोनहून कमी मिलिमीटरचा होतो आणि चार मिलिमीटर जाडीचे चामडे अर्ध्या मिलिमीटरहून पातळ सोलावे लागते. जाड चामडे वळत नाही, अंगाला बसत नाही. सारे बिंग तिथेच फुटते.

७/९
साज चढवण्याचा क्रम खऱ्या घोड्यासारखाच: आधी पाठीवरची घडी, मग खोगीर, मग तंग. तंग पुढच्या पायाच्या कोपराच्या किंचित मागे यावा, पोटाच्या मध्यावर नव्हे. मूर्तीचे तोंड बहुधा मिटलेले असते, म्हणून लगामाच्या कड्या ओठांच्या कोपऱ्यापाशी कणभर मेणाने चिकटवतात. तोंडातील लोखंड तरफेसारखे काम करणारे असेल, तर हनुवटीखाली पट्टा किंवा साखळी हवीच. त्यावाचून तरफेला जोर मिळत नाही. पंचाची नजर आधी तिथेच जाते.

८/९
अमेरिकी गुराख्याच्या खोगिराला पुढे उंच खुंट असतो. तो शोभेसाठी नव्हे. दोरखंडाने पकडलेल्या जनावराचा हिसका त्या खुंटाने पेलायचा असतो. हे खोगीर स्पॅनिश वसाहतकारांकडून मेक्सिकोच्या गुराख्यांकडे आणि तेथून अमेरिकेच्या पश्चिमेकडे आले. म्हणून वासरू पकडण्याचा देखावा मांडताना खुंट नसलेले खोगीर चालत नाही. साज हा दागिना नसून अवजार आहे, हे लहान प्रतिकृती घडवणाऱ्याला चुकवताच येत नाही. पुस्तकातले वर्णन मोघम राहू शकते; टाका मात्र कुठेतरी घालावाच लागतो.

९/९
आपल्याकडे हेच ज्ञान भाषेत उरले. जीन, लगाम, रिकीब, तंग हे फारसी शब्द मराठीत घोडदळाबरोबर रुळले. आज खोगीर हाताळलेला माणूस विरळा, पण ‘खोगीरभरती’ रोजच्या बोलण्यात आहे. खोगिरात कोंबलेल्या चिंध्या-गवताची ती आठवण. शब्द उरला तरी कृती विसरली जाते. त्या कृतीची आठवण टिकवण्याचे काम ही छोटी खोगिरे करतात. पुढच्या खेपेस संग्रहालयात जुने खोगीर दिसले, तर त्याच्या नक्षीआधी एवढेच शोधा: याचा तंग कुठे बांधला जात असेल?