मुंबईचे सागवान

आपल्या वरवट बकालला समुद्र नाही. पण सागवानाची किंमत सर्व भगिनी जाणतात. त्याच लाकडाची ही हकीकत. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानाचे ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज बांधले. पुढे जीर्ण झालेले ते जहाज १९८७ साली इंग्लंडातील हार्टलपूल गावी नेले. तेथील जहाजांचे कारखाने १९६०च्या दशकात बंद पडून धक्के ओस पडले होते. गावच्या कारागिरांनी २००१ पर्यंत जहाज दुरुस्त केले. शेजारी जुन्या बंदराच्या धर्तीची घरे बांधली. पाहुणे येऊ लागले. मुंबईच्या कारागिरीचा परक्या गावाला आधार झाला. मग आपल्या वाड्यांचे सागवानी खांब मोडीत देण्यापूर्वी आपणही विचार करावयास नको का?