जाझ पियानोचा डावा हात

जाझ हें संगीत मूळचें मेळ्याचें. त्या मेळ्यांतून एकटा पियानोवादक बाहेर पडला म्हणजे त्याच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो लयीचा. ठेका धरणारा नाहीं, खर्ज सांभाळणारा नाहीं; तें सारें काम डाव्या हातानें करावयाचें आणि गावयाचें उजव्यानें. ह्या प्रकारच्या ध्वनिमुद्रिका निवडतांना आम्ही म्हणूनच डाव्या हाताकडे कान लावतों. उजव्याच्या करामतीनें नवखा श्रोता दिपून जातो. पण इतिहास घडला तो डावीकडे.

प्रथम ऐकावी ती जेम्स पी. जॉन्सन ह्याची १९२१ मधील ‘कॅरोलिना शाउट’. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत घरभाडें भागविण्यासाठीं लोक आपल्या बिऱ्हाडींच पैसे घेऊन जलसे करीत. तेथें एकट्या वादकानें रात्रभर मंडळीला नाचवावयाचें, ह्या गरजेंतून हा डावा हात घडला. पहिल्या व तिसऱ्या मात्रेस खर्जाचा स्वर, दुसऱ्या व चौथ्या मात्रेस त्याच्या वरचा स्वरमेळ, अशी लांब ढांग टाकीत तो चालतो; ‘स्ट्राइड’ हें नांव त्यावरूनच पडलें. तरुण ड्यूक एलिंग्टन ही चीज शिकला तो यंत्रपियानोची गुंडाळी मंद फिरवून व आपोआप दबणाऱ्या पट्ट्या न्याहाळून. असा हा गुरु!

ही ढांग मोडण्याचें धाडस अर्ल हाइन्स ह्यानें केलें. १९२८ च्या डिसेंबरांतील त्याचीं एकल वादनें, विशेषतः ‘फिफ्टी-सेव्हन व्हरायटीज’, आम्ही सर्वांत वर ठेवतों. उजव्या हातानें तो ट्रंपेटसारखीं ठसठशीत, सप्तकाच्या जोडस्वरांचीं वाक्यें वाजवितो. आणि ऐन रंगांत डावा हात ठेका टाकून भलतीकडेच धांवतो. लय सुटली, आतां हा मनुष्य पडणार, असें वाटतें न वाटतें तोंच तो नेमका जागेवर येऊन उभा! समेवर येणाऱ्या गवयाला दाद देणाऱ्या आपल्या श्रोत्यांना ह्या गंमतीचें निराळें भाष्य नको. आणि हें सारें तबकडीच्या एका बाजूच्या जेमतेम तीन मिनिटांत.

आर्ट टेटम ह्याची स्तुति सर्वच करतात. जवळजवळ अंध असलेल्या ह्या वादकाची १९३३ मधील ‘टी फॉर टू’ अवश्य ऐकावी. १९५३ च्या अखेरीस नॉर्मन ग्रँट्झ ह्यानें त्याच्याकडून दोन दिवसांत सुमारें ७० चिजा वाजवून घेतल्या, आणि बहुतेक पहिल्याच खेपेस साधल्या. परंतु त्या एका बैठकींत ऐकूं नयेत. मिष्टान्नाचाही वीट येतो.

थेलोनियस मंक ह्याच्या १९५७ मधील ‘थेलोनियस हिमसेल्फ’मध्यें मात्र डावा हात वारंवार स्तब्ध राहतो. दोन स्वरांमध्यें एवढी पोकळी, कीं वादक उठून गेला कीं काय असें वाटावें. तरी लय आंतून चालूच असते. पुढील आवृत्तींत ‘राउंड मिडनाइट’च्या तालमीचीं वीसाहून अधिक मिनिटें जोडलीं आहेत. स्वतःच रचलेल्या चिजेशीं मंक तेथें पुनःपुन्हां झुंजतो. (शेवटची चीज एकल नव्हे, हें ग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.)

कीथ जॅरेटच्या १९७५ मधील कोलोन येथील मैफलीबद्दल लिहिण्याची गरज नाहीं. ती घरोघर पोहोंचली आहे. पियानो लहान व सदोष, खर्ज दुबळा. म्हणून डाव्या हाताचा एकच घाट तो घोळवीत बसतो. अडचणींतून शैली निघाली, हें खरें. पण रसिकानें आरंभ येथून करूं नये.

राहिलें एक नांव, आणि तें आपल्या देशाशीं निगडित आहे. हाइन्स शिकागोस आला तेव्हां तेथें टेडी वेदरफोर्ड ह्याचा मोठा दबदबा होता. १९२६ मध्यें तो पूर्वेकडे निघाला. १९३० नंतरच्या दशकांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला, आणि १९४५ मध्यें कलकत्त्यास पटकीनें वारला. मध्यंतरीं १९३७ मध्यें पॅरिस येथें त्यानें कांहीं एकल वादनें मुद्रित केलीं, त्यांतही ‘टी फॉर टू’ आहे. टेटमच्या तबकडीलगत ती लावून पाहावी. टेटमचा डावा हात चमकतो. वेदरफोर्डचा जोरकस आहे, आणि आम्हांला दुसऱ्यांदां ऐकावीशी वाटते ती वेदरफोर्डची.