कारागृहातून निवडून आलेला लोकप्रतिनिधी

अमेरिकन स्वातंत्र्याचा इतिहास म्हटला म्हणजे वॉशिंग्टन, जेफर्सन अशी थोर नावे आपल्यासमोर उभी राहतात. परंतु त्या स्वातंत्र्याची कसोटी ज्याच्या निमित्ताने लागली, तो मॅथ्यू लायन मात्र आपणांस अपरिचितच आहे.

१७४९ च्या सुमारास आयर्लंडमध्ये जन्मलेला हा मुलगा वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी करारबद्ध नोकर म्हणून अमेरिकेस आला. पुढे व्हर्मांटमध्ये फेअर हेवन हे गाव वसवून त्याने गिरण्या, लोखंडाचा कारखाना व छापखाना उभारला आणि १७९७ मध्ये तो प्रतिनिधिगृहाचा सभासद झाला.

लायन काही सौजन्याचा पुतळा नव्हता. १७९८ च्या जानेवारीत तो सभागृहातच ग्रिस्वोल्ड या सभासदाच्या तोंडावर थुंकला. पुढच्या महिन्यात ग्रिस्वोल्डने त्याला काठीने बडविले, तेव्हा त्याने शेगडीचा चिमटा उचलला!

त्याच वर्षी जुलैत अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या पक्षाने सरकारवरील टीकेला शिक्षापात्र ठरविणारा राजद्रोहाचा कायदा संमत केला. अध्यक्षांना थाटामाटाचा व खुशामतीचा हव्यास आहे, अशा आशयाचे लायनचे पत्र वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले होते. वास्तविक ते लिहिले गेले कायदा होण्यापूर्वी. छापले गेले मात्र नंतर. ऑक्टोबरात त्याला चार महिने कैद व १००० डॉलर दंड झाला. व्हर्जेन्सच्या थंडगार कोठडीत तो खितपत असतानाच मतदारांनी त्याला मोठ्या बहुमताने पुन्हा निवडून दिले.

१८०० च्या निवडणुकीत जेफर्सन व बर यांना सारखीच मते पडली आणि अध्यक्ष कोण, हा निर्णय १८०१ मध्ये प्रतिनिधिगृहाकडे आला. तेथे प्रत्येक राज्यास एक मत होते. व्हर्मांटचे दोन सभासद परस्परविरोधी असल्याने ते मत ३५ फेऱ्यांत कोणासच मिळेना. ३६ व्या फेरीत दुसरा सभासद बाजूस झाला आणि लायनच्या एकट्याच्या मताने व्हर्मांट जेफर्सन यांच्या बाजूस आले. त्याच फेरीत जेफर्सन विजयी झाले. पुढच्याच महिन्यात राजद्रोहाच्या कायद्याची मुदतही संपली.

लायन पुढे केंटकीतूनही निवडून आला आणि १८२२ मध्ये आर्कान्सास येथे मरण पावला. १८४० मध्ये काँग्रेसने दंडाची रक्कम त्याच्या वारसांना व्याजासह परत केली.

मतस्वातंत्र्य केवळ मृदुभाषी सज्जनांसाठी असते, तर त्याला कायद्याच्या संरक्षणाची गरजच पडली नसती. लायनसारख्या कडवट जिभेच्या माणसालाही ते मिळते की नाही, यावरच त्याची खरी पारख होते. व्हर्मांटच्या साध्यासुध्या मतदारांनी हे ओळखले. विद्वान कायदेपंडितांना ते ओळखावयास बेचाळीस वर्षे लागली.