हिमवाटेची तजवीज

फिनलंडच्या हिमाच्छादित मुलखात हिवाळी मोटारप्रवासाची तयारी म्हणजे सर्वप्रथम चाकांचा बंदोबस्त, ही जाणीव ज्या वस्तूने दृढ केली, तो हिवाळ्याकरिता मुद्दाम घडवलेला जगातला पहिला टायर १९३४ साली नोकिया गावच्या रबर कारखान्याने मालमोटारींसाठी सिद्ध केला. तत्पूर्वी, १९०४ मध्ये अमेरिकेत हॅरी वीड यांनी पेटंट घेतलेल्या धर्तीच्या साखळ्या चाकांना आवळीत. पण बधिर बोटांनी ते करणे जिवावर येई. नव्या टायरच्या खोल, आडव्या खाचा भुसभुशीत बर्फात रुतून पकड घेत. १९३६ मध्ये खासगी मोटारींनाही तो लाभ मिळाला, आणि माझ्या मते उत्तरेच्या दळणवळणात त्याचा मान इंजिनाच्या बरोबरीचा आहे. हिवाळी टायरच्या खाचा किमान ३ मिलिमीटर खोल असाव्यात, असा आज तेथील कायदा आहे; भाड्याची गाडी ताब्यात घेणाऱ्या पाहुण्याने त्या आधी पाहून घ्याव्यात.