कोकणची तीन बेटे

श्रोतेहो, शाळेच्या भूगोलात बेटाची व्याख्या एका ओळीत उरकलेली असते. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट. व्याख्या बरोबर आहे, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाचे तेवढ्याने भागत नाही. बेटावरील माणसे अन्न कोठून आणतात, कोणाचा हुकूम मानतात, पैसा कसा मिळवतात आणि पाण्यापलीकडच्या किनाऱ्याशी त्यांचा संबंध कसा असतो, हे प्रश्न त्याच्यापुढे उभे राहतात. या प्रश्नांच्या आधारे आपल्या कोकण किनाऱ्यावरील तीन बेटांची तुलना करावी, असे आज योजिले आहे. ती बेटे म्हणजे जंजिरा, खांदेरी आणि मुंबई.

ही तिन्ही बेटे उष्ण कटिबंधातील, एकाच समुद्रातील आणि एकाच मोसमी पावसात भिजणारी. दक्षिणेकडील जंजिऱ्यापासून उत्तरेकडील मुंबईपर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही. तथापि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या तिहींवर तीन वेगळ्या सत्तांचा अंमल होता. जंजिऱ्यावर सिद्दी, खांदेरीवर मराठे आणि मुंबईत इंग्रज. आज पाहावे, तर जंजिरा ही प्रवाशांनी पाहण्याची जुनी इमारत झाली आहे, खांदेरीवर दीपगृह आहे आणि मुंबई ही देशाची व्यापारी राजधानी झाली आहे. एवढा फरक कशाने पडला?

प्रथम भूगोल पाहू. जंजिरा हा शब्दच मुळी बेट या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला आहे. मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी हा खडक उभा असून त्याचा तट थेट समुद्रातून वर चढतो. आत गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. खारट पाण्याच्या मधोमध गोडे पाणी म्हणजे वेढ्याच्या काळात अर्धे सैन्यच समजावे. खांदेरी हे थळच्या किनाऱ्यासमोरील लहानसे डोंगराळ बेट. तेथे शेतीस म्हणावी तशी जमीन नाही, परंतु मुंबईच्या बंदरात शिरणारे प्रत्येक गलबत तेथून नजरेच्या टप्प्यात येते. तिसरे बेट मुंबई. हे तर एक बेटही नव्हते. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी ती सात बेटे होती. त्यांच्यामधील सखल भागात भरतीचे पाणी शिरे व ओहोटीस चिखल उघडा पडे. त्या दलदलीतील तापाने नव्याने आलेले युरोपियन लोक भराभर मरत. एखाद्या परीक्षकाने १६६० साली नुसत्या नकाशावरून या तिघांना गुण दिले असते, तर पहिला क्रमांक बहुधा जंजिऱ्यास मिळाला असता. मुंबईजवळ एक गोष्ट मात्र अशी होती, की जी बाकीच्या दोघांजवळ नव्हती. ती म्हणजे पूर्वेकडील खोल, सुरक्षित आणि विस्तीर्ण बंदर.

आता राज्यकारभाराकडे वळू. जंजिऱ्याचे सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतील हबसाणातून आलेले दर्यावर्दी लढवय्ये. त्यांच्या कारभाराचा विशेष असा, की आरंभीच्या काळात सत्ता बापाकडून मुलाकडे जात नसे. सरदारांमध्ये जो कर्तबगार ठरे, तो मुख्य होई. १६७०-७१ च्या सुमारास मुख्य सरदार फत्तेखान शिवाजी महाराजांशी तह करण्याच्या विचारात आहे असे दिसताच, इतर सिद्दी सरदारांनी त्याला कैद केले आणि बेट औरंगजेबाच्या छत्राखाली नेले. बादशहाने त्यांना आरमारी चाकरी, याकूतखान हा किताब आणि सुरतेच्या महसुलातून नेमणूक दिली. याप्रमाणे जंजिरा स्वतंत्रही राहिला आणि चाकरही झाला.

खांदेरीचा कारभार याहून अगदी निराळा. हे बेट स्वतंत्र संस्थान कधीच नव्हते. ते एका राज्याचे ठाणे होते. १६७९ च्या ऑगस्टात, ऐन पावसाळ्यात, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी याने तेथे तटाचे काम सुरू केले. बंदराच्या तोंडाशी हा पहारा बसलेला पाहून मुंबईकर इंग्रज हादरले. त्यांनी गलबते पाठवून वेढा घातला आणि त्या ऑक्टोबरात समुद्रावर लढाईही झाली. परंतु मराठ्यांच्या लहान, चपळ होड्या उथळ पाण्यातून रात्री-अपरात्री रसद पोहोचवीत राहिल्या. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांना तह करावा लागला. त्याच सुमारास सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तेथे आपली तटबंदी केली. पुढे खांदेरी आंग्र्यांकडे आली. १७१८ साली इंग्रजांनी तिच्यावर पुन्हा चढाई केली, ती फसली. बेट त्यांना मिळाले ते १८१८ साली, पेशवाईच बुडाल्यावर. खांदेरी लढाईत पडली नाही. ज्या राज्याची ती चौकी होती, ते राज्य पडले.

मुंबईचा प्रकार तिसराच. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने ही बेटे पोर्तुगिजांना दिली आणि १६६१ च्या विवाहकरारान्वये ती इंग्लंडच्या राजास मिळाली. राजाने १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीस दिली, वर्षाला दहा पौंड भाड्याने! कंपनी ही व्यापाऱ्यांची मंडळी. राज्य चालवायचे म्हणजे खर्च, आणि खर्च भरून काढायचा तर वस्ती हवी, हे गव्हर्नर जेरल्ड ऑन्जियर याने ओळखले. १६७२ साली त्याने न्यायालय स्थापिले आणि निरनिराळ्या जातिजमातींना आपले आपसांतील तंटे आपल्या पंचांकडून मिटविण्याची मोकळीक दिली. दीव येथील नीमा पारख नावाच्या वाणी व्यापाऱ्याने १६७७ साली मुंबईस येण्यापूर्वी आपल्या धर्माचरणात कोणी हात घालू नये, अशा अटी कंपनीपुढे मांडल्या आणि कंपनीने त्या मान्य केल्या. दीव हेही एक बेटच, तटबंदीने मजबूत आणि पोर्तुगिजांच्या ताब्यातील. एका बलाढ्य बेटावरील व्यापारी दुसऱ्या दलदलीच्या बेटावर यावयास निघतो आणि येण्यापूर्वी आपल्या अटी लेखी मागतो, यात फार मोठा अर्थ आहे. भिंती दीवच्या भक्कम होत्या. भरवसा मुंबईत मिळेल असे त्याला वाटले. कंपनीचे लोक धर्मात्मे होते, असे मी म्हणत नाही. व्यापारास शाश्वती लागते, एवढे त्यांना कळत होते.

यावरून आपण तिसऱ्या मुद्द्यावर येतो. तो म्हणजे बेटांचा अर्थव्यवहार. तिहींपैकी एकाही बेटावर स्वतःच्या माणसांना पुरेल एवढे धान्य पिकत नव्हते. मुंबईत नारळ, ताड, मासळी, मीठ आणि थोडा भात होई; पण धान्यासाठी व जळणासाठी तिला पैलतीराकडे पाहावे लागे. पोर्तुगीज अधिकारी ठाणे व करंजा येथे जकातीचा फास आवळीत, तर पलीकडचा मुलूख शिवाजी महाराजांचा. खांदेरीच्या प्रकरणी इंग्रजांनी जे नमते घेतले, त्याच्या कारणांत लाकूडफाटा आणि दाणागोटा महाराजांच्या मुलखातून येतो, हेही एक होते. जंजिऱ्याने आपली गरज दुसऱ्या रीतीने भागविली. किनाऱ्यावरील मुलूख ताब्यात ठेवावयाचा, जमेल तेथे लूट करावयाची आणि बादशाही नेमणुकीवर आरमार पोसावयाचे. मोगली सत्ता खचली तसा हा आधार तुटला आणि बाजीराव व चिमाजी आप्पा यांच्या मोहिमांनंतर सिद्दीचा मुलूखही आकसला. जंजिऱ्याचा तट अभंग राहिला, परंतु राज्य लहानच राहिले. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. खांदेरीचे अन्न तर सरकारी कोठारातून येई. कोठार बंद झाले, तेव्हा चौकीही बंद झाली. १८६७ साली तेथे दीपगृह उभारले गेले आणि ज्या बंदरावर तिने पहारा ठेवला, त्याच बंदराची वाट ती आता उजळीत आहे. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत खांदेरीचे नाव आहे, हे आपल्याला भूषणावह होय.

दोन उदाहरणे शेजारी ठेवली, म्हणजे भेद अधिक स्पष्ट होईल. १६८२ साली संभाजी महाराजांनी जंजिरा घेण्यासाठी किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्र भरून काढण्याचा प्रचंड उद्योग आरंभिला. मोगली फौजा स्वराज्यात उतरल्यामुळे तो अर्धाच राहिला. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १७८४ च्या सुमारास, मुंबईत वरळीची खाडी बांध घालून बंद करण्यात आली. समुद्रात दगड टाकण्याचे काम दोन्ही ठिकाणी एकच. पहिल्या ठिकाणी शत्रूचे बेट जिंकायचे होते, दुसऱ्या ठिकाणी आपलीच बेटे जोडून जमीन मिळवावयाची होती. पुढे १८३८ साली कुलाबा आणि १८४५ साली माहीम बांधाने जोडले गेले आणि मुंबईचे बेटपण हळूहळू लोपले.

परंतु बेटे जोडून मुंबई मोठी झाली, असे म्हणणे अपुरे ठरेल. तिला मागचा प्रदेश मिळाला, हे खरे कारण आहे. १७७४ साली साष्टी इंग्रजांच्या हाती गेली. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८५३ साली आगगाडी ठाण्यापर्यंत धावली आणि १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग पुरा झाला. आपले चिंचवड याच मार्गावर आहे. देशावरील कापूस, धान्य आणि माणसे या वाटेने खाली उतरली. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, पुढे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली आणि आज तेथील मोटारी व यंत्रांचे सुटे भाग परदेशी जातात, ते याच घाटाने उतरून मुंबईच्या बंदराच्या पैलतीरी १९८९ साली सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदरातून. जगातही हाच अनुभव येतो. सिंगापूरने १८१९ पासून खुल्या बंदराच्या बळावर उत्कर्ष साधला. १९६५ साली ते स्वतंत्र राष्ट्र झाले, तरी पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग त्याला जोहोरच्या किनाऱ्यावरून १९६२ च्या कराराने घ्यावा लागतो. बेट कितीही श्रीमंत झाले, तरी पैलतीराचे देणेकरीच राहते.

आणि येथे आपल्या जिल्ह्याचा प्रश्न येतो. मुंबईने पाण्यासाठी १८६० साली साष्टीतील विहार तलाव बांधला आणि १८९२ साली ठाणे जिल्ह्यातील तानसा गाठला. विजेसाठी तर तिने सह्याद्रीच्या माथ्यावर हात घातला. लोणावळ्याच्या परिसरातील तलाव, आंद्र नदीवरील ठोकरवाडीचे धरण आणि मुळशीचे धरण या साऱ्यांचे पाणी पश्चिमेकडे खोपोली, भिवपुरी व भिरा येथे कोसळते आणि वीज निर्माण करते. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. श्रोतेहो, हे पाणी कोठले? लोणावळ्याचे व आंद्रेचे पाणी इंद्रायणीचे, मुळशीचे पाणी मुळेचे. एक नदी चिंचवड आणि चाकण यांच्यामधून वाहते, दुसरी आपल्या शहराच्या दक्षिण सीमेवरून. घाटाखाली उतरलेले पाणी कोकणच्या नद्यांना मिळते. ते परत घाट चढत नाही.

मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. जमिनी व गावे पाण्याखाली जाऊ देणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांनी तुरुंगवास भोगला, परंतु धरण झालेच. मुंबईच्या उत्कर्षाची हकीकत सांगताना ऑन्जियरचे न्यायालय, वाडिया घराण्याची जहाजबांधणी आणि आगगाडी यांची नावे आपण अभिमानाने घेतो. बुडालेल्या गावांची नावे मात्र त्या हकिकतीत सहसा येत नाहीत. नीमा पारखाला येण्यापूर्वी अटी लिहून मागता आल्या, कारण त्याच्याजवळ पैसा होता आणि कंपनीस त्याची गरज होती. मावळच्या शेतकऱ्याला कोणी अटी विचारल्या नाहीत. ज्या शाश्वतीवर बेट मोठे झाले, ती शाश्वती पैलतीरावरील गरिबाला मिळाली नाही.

यावरून मुंबईचा द्वेष करावा, असे कोणी समजू नये. मुंबई नसती तर आपल्याकडील कारखान्यांची ही भरभराटही क्वचितच झाली असती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि भर घातलेल्या सखल भागांत पाणी तुंबून मुंबई जागच्या जागी थांबली, तेव्हा तिचे हाल आपल्याही घरोघरी जाणवले. कारण तेथे कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ नोकरीस होता. सांगावयाचे ते इतकेच, की बेट आणि पैलतीर यांचा हिशेब एकत्र मांडला पाहिजे. जंजिऱ्याने पैलतीराकडून बळाने घेतले, खांदेरीने राज्याची चाकर म्हणून घेतले, मुंबईने आरंभी कराराने घेतले आणि समर्थ झाल्यावर विचारल्यावाचून घेतले. यांपैकी करार करून घेण्याची रीत तिला सर्वांत अधिक फळली, हे तिचाच इतिहास सांगतो. आता चिंचवड-चाकणसारखी गावे स्वतःच मोठी होऊन आजूबाजूच्या खेड्यांकडून जमीन आणि पाणी मागू लागली आहेत. आपण काल पैलतीर होतो. आज कोणाच्या तरी दृष्टीने आपणच ते बेट झालो आहोत. नीमा पारखाच्या अटी कंपनीने जशा ऐकून घेतल्या, तशा त्या खेड्यांच्या अटी आपण ऐकून घेणार की नाही, हा प्रश्न श्रोत्यांच्या विचारासाठी ठेवून मी आपली रजा घेतो.